पेटीतील जुने आणि दारावरील तोरण

घराची परीक्षा दारावरून करावी, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. दार उघडण्यापूर्वीच पाहुण्याची दृष्टी चौकटीवर जाते. उंबरठ्यापाशी रांगोळी, कपाळपट्टीवर गणपती आणि त्याच्याखाली झुलणारे तोरण, एवढे दिसले म्हणजे आत माणसे नांदती आहेत, त्यांस सणावाराची आठवण आहे आणि आलेल्याचे आगतस्वागत होणार आहे, हे कोणी न सांगता कळते. म्हणूनच घरात कितीही अडचण असली तरी पाडव्यास व दसऱ्यास दार मोकळे ठेवू नये, असा प्रघात पडला असावा.

अमरकोशात तोरण या शब्दाचा अर्थ बाहेरचे द्वार असा दिला आहे. म्हणजे मुळात तोरण हे प्रत्यक्ष द्वारच होय. मध्य प्रदेशात सांची येथील मोठ्या स्तूपाभोवती इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास उभारलेली चार पाषाणतोरणे आजही उभी आहेत. दोन उंच खांब व त्यांवर एकावर एक अशा तीन आडव्या तुळया, ही त्यांची रचना पाहताच मूळची लाकडी बांधणी दगडात उतरविली आहे हे ध्यानी येते. पुढे द्वाराचे नाव द्वारावरील माळेस मिळाले. मराठीत तर हा शब्द शुभारंभाशीच जोडला गेला. शिवाजी महाराजांनी तोरणा किल्ला घेऊन स्वराज्याचे तोरण बांधले, हे वाक्य आम्ही शिक्षकाच्या पेशात असताना तीसएक वर्षे मुलांकडून म्हणवून घेतले आहे. आणि दर वर्षी एखादा मुलगा किल्ल्याला तोरण कोठे बांधले, असे विचारीत असे.

सांप्रत वाडे गेले व त्यांच्या जागी सदनिका आल्या. तरी दार राहिले आणि तोरणही राहिले. मात्र तोरणाचा जिन्नस पालटला. दसऱ्याच्या आधी आठ दिवस बाजारात जावे तो प्लॅस्टिकची आंब्याची पाने, कापडी झेंडू, चकचकीत कागदी फिती आणि त्यांच्या दोन टोकांस ‘शुभ’ व ‘लाभ’, असा थाट दुकानोदुकानी मांडलेला दिसतो. ही तोरणे वाईट असतात असे नव्हे. तथापि एकाच इमारतीतील दहा दारांवर एकच तोरण झुलू लागले म्हणजे कोणते दार कोणाचे हे पाटी वाचूनच ठरवावे लागते. आणि त्याच वेळी त्या दहाही घरांत, पलंगाखालील ट्रंकेत किंवा माळ्यावरील गाठोड्यात, आजीच्या काळची एखादी विरलेली इरकली, मण्यांचे तुटके विणकाम, दोन-चार पितळी घंटा आणि कवड्यांची पिशवी निरुपयोगी म्हणून पडलेली असते.

या निरुपयोगी ठरलेल्या जिनसांतून ऋतुमानास अनुसरून दाराची शोभा कशी करावी, हे आज सांगावयाचे आहे. आमच्या घरच्या सुना व नाती हे काम गेली काही वर्षे करीत आहेत. आमच्याकडे मोजमाप, गाठी व टीका ही खाती आहेत. तेव्हा पुढील मजकूर पुस्तकी नाही, एवढी ग्वाही आरंभीच देतो.

काय घ्यावे आणि काय घेऊ नये

जुनी पेटी उघडली की हाताला कात्री आठवते. यास्तव कात्रीपूर्वी नियम सांगणे इष्ट. आम्ही घरात तीन नियम घातले आहेत.

पहिला नियम असा की, जे अखंड आहे त्यास कात्री लावू नये. पैठणी धडकी असेल तर ती नेसावी अथवा जपून ठेवावी. तिचा पदर कापून दारास लावणे हा उधळेपणा होय. तोरणासाठी घ्यावयाचे ते जे आधीच फाटले, विरले, तुटले किंवा जोडीतून एकटे उरले आहे तेच. लुगडे नेहमी मध्यावर व निऱ्यांच्या घडीवर विरते, पण काठ बहुधा शाबूत राहतो. चोळी काखेत फाटते, पण पाठ व बाह्या चांगल्या असतात. मण्यांचे काम दोऱ्याने दगा दिल्यामुळे सुटते; मणी जसेच्या तसे राहतात. वस्तूचा कोणता भाग आधी जातो हे पाहिले म्हणजे काय वाचवावयाचे हे आपोआप समजते.

दुसरा नियम असा की, लिहिलेले काहीही फाडू नये. जुन्या मोडी कागदांचे आकाशकंदील व पताका करण्याची हौस अलीकडे तरुण मंडळींत दिसते. कागद सुंदर दिसतो यात संशय नाही. परंतु तो कागद म्हणजे एखाद्या गावच्या जमिनीचा निवाडा किंवा एखाद्या वैद्याची वही असू शकेल. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून घरोघरीची दप्तरे मिळविली व १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो अशाच निरुपयोगी समजल्या गेलेल्या कागदांतून. पेटीत पोथी वा मोडी कागद सापडला तर तो जाणत्यास दाखवावा. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी अशा कागदांची व पोथ्यांची किंमत जाणणारी माणसे आहेत.

तिसरा नियम असा की, जे जोडावयाचे ते उसवता येईल अशाच रीतीने जोडावे. बंदुकीतून सोडावयाचा वितळलेला गोंद आज घरोघर आहे; काम झटपट होते हे खरे, पण तो गोंद रेशमात मुरतो, मण्यांची छिद्रे बुजवितो आणि पुढे काढू गेल्यास कापडासह निघतो. सुई-दोरा वापरावा. वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणारे तज्ज्ञही हेच पथ्य पाळतात की, आज केलेले काम उद्याच्या माणसाला मूळ वस्तूस इजा न करता काढता आले पाहिजे. घरातील पेटीसही हे पथ्य लागू आहे.

या निमित्ताने एक सुचवितो. पुण्यास गेल्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलाबाळांसह अवश्य पाहावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, कोरीव दारे अशा नित्याच्या व्यवहारातील वस्तू जमविल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले, आणि १९७५ साली तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांतील बहुतेक वस्तूंच्या कर्त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. तेथून परतल्यावर आपल्या घरातील पेटी निराळ्या दृष्टीने दिसू लागते.

चैत्र : खणाची पाने

गुढीपाडव्यास आंब्याचा टाळा हवाच. तो ताजाच असावा. परंतु टाळा दोन दिवसांत सुकतो आणि चैत्रातील हळदीकुंकू तर पुढे अक्षय्यतृतीयेपर्यंत चालते. या महिन्यासाठी खणाच्या चोळ्यांतून आम्रपर्णांचे तोरण करावे. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथील खण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी येत आला आहे. त्याची वीण घट्ट, बुट्टी बारीक व काठ पक्का असतो. एका चोळीची पाठ व बाह्या मिळून आठ-दहा पाने सहज निघतात.

दाराची आतली रुंदी आधी मोजावी. ४२ इंचांचे दार असेल तर २ इंच रुंद व ५ इंच लांब अशी २१ पाने एकास एक लागून बसतात. पुठ्ठ्याचे एक पान कापून तोच साचा ठेवावा. पुढे खण व मागे जुन्या धोतराचे कापड असे दुहेरी पान उलटे शिवून सुलटावे, म्हणजे कड दिसत नाही. पानाची मधली शीर दोऱ्याच्या धावत्या टाक्याने दाखवावी. मग ४६ इंच लांबीची काठाची पट्टी घेऊन दोन्ही टोके दोन-दोन इंच आत दुमडावी, व तिच्या खालच्या कडेस पाने टाचावी. हिरव्या रंगाचा हट्ट धरू नये. आंब्याची कोवळी पालवी मुळी तांबूसच असते, तेव्हा जांभळा व डाळिंबी खण चैत्रास अधिकच शोभतो.

वर्षाकाल : पितळ, कवडी आणि काच

आषाढापासून भाद्रपदापर्यंत दारावर जुने कापड लावू नये. हवेतील दमटपणाने त्यावर बुरशी धरते, आणि रेशमावर पडलेला बुरशीचा डाग जन्मात जात नाही. या तीन महिन्यांत धातू, शिंपले व काच यांचे राज्य असावे.

लामणदिवा मोडून गेला असला तरी त्याची साखळी बहुधा उरलेली असते. ती दाराच्या रुंदीइतकी आडवी ताणावी व दर ४ इंचांवर तिच्या कडीत एकेक लोंबते पदक अडकवावे. पदकांसाठी घरात काय सापडेल याची गंमतच असते. बैलांच्या गळ्यातील माळेची सुटी घुंगरे, देवघरातील जिभली गेलेली घंटा, फिरकीच्या तांब्याची फिरकी, आणि ज्यांची कुलुपे केव्हाच हरवली अशा पितळी किल्ल्या. लोखंडी किल्ली मात्र घेऊ नये. तिचा गंज उतरून भिंत तांबडी होते. पितळ चिंचेने घासून स्वच्छ धुवावे व उन्हात अथवा चुलीच्या उबेला पूर्ण वाळवूनच ओवावे, नाहीतर आठवड्यात हिरवे पडते.

सारीपाटाच्या डावातून उरलेल्या कवड्यांची पाठ सहाणेवर घासली म्हणजे आपोआप भोक पडते. ओवण्यास नायलॉनचा दोरा घ्यावा, कारण सुती दोरा पावसाळ्यात कुजतो. दोन कवड्यांमध्ये एक गाठ मारावी; दोरा कोठे तुटलाच तर एकच कवडी पडेल, सारी माळ ओघळणार नाही. लहान मुलांच्या घरी सुटे मणी व कवड्या जमिनीवर राहू देऊ नयेत, हे सांगणे नलगे.

गोव्यात व तळकोकणात गणपतीच्या मस्तकावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीस रानातील फळे, भोपळे, काकड्या, नारळ, सुपारीचे घोस टांगून केलेली ती शोभा म्हणजे भाद्रपदातील रानाची जणू यादीच होय. ज्यांस ती साधणार नाही त्यांनी निदान पितळी साखळीच्या दोन टोकांस दोन ताजे नारळ किंवा सुपारीचे घोस बांधावे. जुने व ताजे एकत्र आले की दोहोंस शोभा येते.

दसरा व दिवाळी : जरीचा काठ

पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली, की जरीची पेटी उघडण्याची वेळ आली असे समजावे. जुन्या लुगड्याची जर खरी असेल तर ती रुप्याची तार चपटी करून, रेशमी धाग्यावर गुंडाळून, वर सोन्याचा मुलामा दिलेली असते. सुरत हे या कामाचे मोठे ठिकाण. पुढे तांब्याच्या तारेवर रुप्याचा थर चढविलेली जर आली, आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा लेप दिलेली जर सर्वत्र झाली आहे. कोणती जर आहे हे पाहावयाचे असेल तर काठाचा सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून ज्योतीपाशी न्यावा. प्लॅस्टिक वितळून त्याची कठीण काळी गोळी होते. खऱ्या जरीतील रेशीम जळल्या केसांसारखा वास देते व धातूची तार मागे उरते.

हे कळणे आवश्यक, कारण जुनी जर विकत घेणारे लोक दारावर येतात. ते काठ जाळून त्यातील रुपे काढतात. घरात पैशाची नड असेल तर विकण्यास आमची ना नाही; परंतु अडगळ कमी करावयाची एवढ्याच कारणाने पैठणीचा काठ भट्टीत जाऊ देणे आम्हास रुचत नाही. विणकराने महिनेच्या महिने हातमागावर बसून भरलेले मोर व कोयऱ्या घटकाभरात नाहीशा होतात आणि हाती रुप्याचा एक लहानसा गोळा येतो.

जरीस पाणी लावू नये व लिंबूही लावू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी एवढेच. काठ जाड सुती पट्टीवर बारीक टाक्यांनी बसवावा, म्हणजे त्याच्यावर ताण येत नाही. पट्टीच्या मागील बाजूस दर २ इंचांवर दोऱ्याचा एकेक फास ठेवावा. दसऱ्याच्या सकाळी या फासांतून आंब्याच्या पानांचे देठ ओवावे. झेंडूची माळ मात्र निराळ्या दोऱ्यावर, काठाच्या खाली चार बोटे अंतर सोडून बांधावी, कारण ओल्या फुलांचा रस रेशमास लागला तर डाग पडतो. सायंकाळी पाने काढून टाकावी. काठ पुढल्या वर्षासाठी राहतो. कोकणात नवान्नाच्या वेळी भाताची लोंबी, आंब्याचे पान व कुर्डूचे फूल यांची जुडी करून दारास बांधतात. तीही याच फासांत शोभून दिसते.

कोणी म्हणेल की, झेंडू व आंबा ही परंपरा. त्यात जुन्या काठांची भर कशास? त्यास उत्तर असे की, ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर तो या देशात रुजला आणि बघता बघता देवाच्या गळ्यात जाऊन बसला. आपल्या दाराने इतक्या दूरच्या पाहुण्यास घरचे मानले. मग आपल्याच पणजीच्या लुगड्याच्या काठास मानू नये काय?

दिवाळीत काठाजवळ पणती ठेवू नये. जुन्या विरळ रेशमाचा आकाशकंदील करावयाचा असेल तर कामट्यांचा सांगाडा करून आत न तापणारा लहान विजेचा दिवा लावावा.

संक्रांत : चंद्रकळा

काळा रंग दारावर लावावा की नाही याविषयी आमच्या घरात बराच खल झाला. अखेर निकाल असा लागला की, ज्या सणास काळी चंद्रकळा नेसणे हाच मान आहे, त्या सणास दाराने काळे नेसले तर दोष कोणता? विरलेल्या चंद्रकळेची वीतभर रुंदीची झालर करून तिच्यावर पांढरे मणी विखरून टाचले म्हणजे ती हलव्याच्या दागिन्यांची बहीणच दिसते. मणी सुटे असतील तर त्यांचा रंग व आकार निवडून वाट्यांत वेगळे करावे. सुती दोऱ्यास मेण लावून घ्यावे. काचमण्यांच्या कडा धारदार असतात व कोरडा दोरा त्या हळूहळू कापतात.

हे बारीक काचमणी एकोणिसाव्या शतकात व्हेनिस व बोहेमियाकडून जहाजांनी आपल्या किनाऱ्यास येत. काठेवाडात त्यांचे मोतीभरत झाले आणि आपल्याकडे पोपट, मोर, तुळशीवृंदावन अशा आकृतींची तोरणे व पानदानाची आच्छादने झाली. ज्यांच्या घरी असे एखादे तोरण अर्धे सुटलेल्या स्थितीत असेल त्यांनी ते टाकू नये. त्याविषयीच आता अधिक सांगावयाचे आहे.

कोणाचे हात

आमच्या घरी मण्यांचे एक तोरण आहे. लांबी ३ फूट ८ इंच, पांढऱ्या भूमीवर निळे पोपट. ते आमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीने ओविले. बालविवाहास आळा घालणारा १९२९ चा कायदा होण्यापूर्वीची गोष्ट. दहाव्या वर्षी तिचे लग्न झाले, वर्षाच्या आत यजमान वारले, आणि ती माहेरी आली ती कायमची. पुण्यात १८९६ सालीच अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला होता आणि १९०९ पासून रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदनाचे कार्य चालू होते. पण तेथवर आमच्या घराची मजल गेली नाही. शेजारच्या एका बाईकडून ती मण्यांचे काम शिकली आणि माजघराच्या खिडकीशी ताटली घेऊन जन्मभर मणी ओवीत राहिली. आमच्या लहानपणी ती साठीच्या पुढे होती. लाल आलवण, कपाळ मोकळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, अशी तिची मूर्ती आम्हास स्वच्छ स्मरते.

दसऱ्यास तिचेच तोरण दारावर लागे. ती ते ताटात घालून माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आणी व सुनेच्या हाती देऊन मागे फिरे. बांधावयाचे ते सवाष्णीने, असा घरचा रिवाज होता. त्यात कोणास वावगे वाटत नसे. तिलाही वाटत नसावे असे सर्व समजत. तिला विचारल्याचे मात्र कोणास आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी या तोरणाचा दोरा जागोजाग तुटला. आमच्या धाकट्या सूनबाईंनी ते नव्याने ओवावयास घेतले व प्रथम पाठीचे अस्तर उसविले. अस्तर बाहेरून साध्या मांजरपाटाचे होते. आत दुसरा एक थर निघाला. पिवळे जुने सूत आणि त्यास बोटभर तांबडा काठ. तोच काठ असलेला एक मोठा तुकडा त्याच पेटीच्या तळाशी, वेखंडाच्या पुरचुंडीखाली, घडी करून ठेवलेला होता. घरातील ऐंशी वर्षांच्या काकूंनी तो हाती घेऊन पाहिला व ही आत्याची अष्टपुत्री, एवढेच म्हणाल्या. अष्टपुत्री म्हणजे लग्नात वधूस नेसवावयाचे पिवळे वस्त्र. त्याच्या नावातच आठ पुत्रांचा आशीर्वाद. जे पुन्हा नेसणे तिच्या नशिबी नव्हते, ते तिने कापून तोरणाच्या पाठीशी, चौकटीच्या लाकडाकडे तोंड करून शिवले होते. दर दसऱ्यास ते दारावर लागत होते आणि खालून जाणाऱ्या कोणास ठाऊक नव्हते.

अखंडास कात्री लावू नये, हा आमचा पहिला नियम. त्यास त्या दिवशी आम्ही एक पोटनियम जोडला : ज्याची वस्तू त्याने कात्री लावली तर तो त्याचा अधिकार होय, इतरांनी त्या वस्तूस हात लावताना तेवढे स्मरावे.

सूनबाईंनी अस्तर जसेच्या तसे परत बसविले व तोरणाच्या मागे कर्तीचे नाव लिहून शिवावे असे सुचविले. तेव्हा एक अडचण उभी राहिली. तिचे नाव कोणासच ठाऊक नव्हते. तीन पिढ्या तिला आत्या म्हणत आल्या. घरच्या वंशावळीत आजोबांच्या शेजारी त्यांच्या भावांच्या रेघा आहेत, बहिणीची नाही. अखेर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत, पणजोबांनी सहकुटुंब केलेल्या यात्रेच्या नोंदीत, ते मिळाले. माहेरचे व सासरचे अशी दोन नावे होती. कोणते लिहावे यावर घरात दोन पक्ष झाले. सूनबाईंनी दोन्ही लिहिली, माहेरचे आधी. ती नावे येथे छापण्याचे प्रयोजन नाही. ती जेथे असावयास हवी होती तेथे, तोरणाच्या पाठीशी, आता आहेत.

सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख कोरलेला आहे. त्या खांबावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंतकारांनी केले, असे त्यात म्हटले आहे. त्याच तोरणावर दुसरा लेख आहे, तो सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा. आणि हा आनंद स्वतःस वासिष्ठीचा पुत्र म्हणवितो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दारावर कारागिरांची ओळख आहे आणि एका कारागिराच्या आईचे नाव आहे. मग आमच्या माजघरातील बाईचे नाव राहून जावे, यास परंपरेचा आधार सांगता येणार नाही.

यास्तव आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे की, जुन्या जिनसांचे जे काही कराल त्याच्या मागे चार बोटे रुंदीची सुती पट्टी शिवा. तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने किंवा टाक्यांनी तीन गोष्टी लिहा. जिन्नस कोणाचा, मूळ काम कोणाचे, आणि आताचे काम कोणी व कोणत्या वर्षी केले. घरात ऐंशी-नव्वदीची माणसे असतील तर हे काम लांबणीवर टाकू नये. पेटी पुढेही उघडता येईल. लुगडे पाहून ते कोणाचे हे सांगणारे माणूस नेहमी असणार नाही.

ठेवण आणि वाटणी

सण संपल्यावर तोरण प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळावे; मण्यांचे काम घडी न घालता नळकांड्यावर गुंडाळावे. वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवावी, पण ती कापडास चिकटून नसावी. डांबराच्या गोळ्या जरीस लागू देऊ नयेत. वर्षातून दोन वेळा घडी पालटावी, म्हणजे एकाच रेघेवर कापड तुटत नाही.

राहता राहिला वाटणीचा प्रश्न, आणि एकत्र कुटुंबात तोच मोठा असतो. चार भावांची चार बिऱ्हाडे झाली की पेटीचे काय करावे? एका काठाचे चार समान तुकडे केले म्हणजे न्याय होतो, पण काठ उरत नाही. आमच्याकडे आता तोरण पाळीने फिरते. एका वर्षी थोरल्या घरी, पुढल्या वर्षी दुसऱ्या घरी. ज्याच्या दारी तोरण त्याच्याकडे दसऱ्याचे जेवण, आणि सर्वांनी तेथे जावयाचे, असा करार आहे. गेल्या दसऱ्यास पाळी ठाण्याच्या पुतण्याची होती. बावीस पाने वाढली गेली. निम्मी मंडळी नवव्या मजल्यावरील दिवाणखान्यात जमिनीवरच बसली. बांधण्याचा मान सवाष्णीचा की कुमारिकेचा, हा प्रश्न आता कोणी काढीत नाही. ज्यांनी ते ओविले त्या सूनबाईच स्टुलावर चढल्या, आणि आम्ही स्टूल धरले.